ह्रुस्कांच्या टेबलावरच्या दोन टोप्या

गाडी कापणी झालेल्या मक्याच्या शेतांमधून कच्च्या रस्त्याला लागली, तशी लोर्ना येन्सनने गळ्यातली शिट्टी काढून समोरच्या आरशाला अडकवली.

"आज तू बोल," ती गाडी चालवणाऱ्या टेसला म्हणाली. "मी फक्त जेवणार."

"बरं, कोच," टेस म्हणाली, आणि मनात म्हणाली, म्हातारी थकली.

लोर्ना प्रेअरी क्रीक कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक होती. इतकी वर्षं, की तिच्या जुन्या खेळाडूंच्या मुली आता संघात येऊ लागल्या होत्या. तिच्या कपाटात चषक कमी आणि खेळाडूंच्या लग्नांचे फोटो जास्त होते. टेस आधी तिची खेळाडू होती आणि आता अकरा वर्षं सहायक. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, अंतिम सामन्यातली शेवटची सर्व्हिस टेसने जाळ्यात मारली होती. ही गोष्ट लोर्ना प्रत्येक समारंभात सांगायची, आणि दर वेळी तितक्याच मायेने. लोक हसायचे. टेसही हसायची. आताशा तिचे जबडे दुखायला लागले होते.

नेब्रास्कात मक्याचा भाव पडला तर लोक हळहळतात. व्हॉलीबॉलचा संघ पडला तर रविवारी चर्चमध्ये त्यासाठी वेगळी प्रार्थना होते. प्रेअरी क्रीकसाठी गेली दोन वर्षं प्रार्थना चालू होती. सप्टेंबरात एकदा टेस क्रीडा संचालक रूडीच्या दारावरून जात होती. आत लोर्ना बसली होती आणि रूडी म्हणत होता, "ह्रुस्कांची पोरगी आली तर ठीक. नाहीतर नवा माणूस शोधायचा."

ह्रुस्कांची मार्ली म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षातली सगळ्यांत तगडी खेळाडू, आणि ती अजून कॉलेज निवडत होती. टेस पुढचं ऐकायला थांबली नाही. ऐकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोरगी आली नाही की म्हातारी घरी. आणि नवा माणूस शोधायला रूडीला शेजारच्या, टेसच्या खोलीपलीकडे जावं लागणार नव्हतं.

तेव्हापासून ती सरावाच्या चित्रफिती पोचवायच्या निमित्ताने दोनदा एकटीच ह्रुस्कांच्या शेतावर येऊन गेली होती. खोटं ती एक अक्षर बोलली नाही. वसतिगृहाचं छप्पर गळतं, हे खरंच होतं. संघाच्या बसमध्ये जानेवारीत दात वाजतात, हेही खरं. प्रतिस्पर्धी ब्लेन कॉलेजच्या नव्या जिमचं तिने कौतुक केलं, तेही मनापासून. निघताना ती मायलेकींना एवढंच म्हणाली होती, "मी आले होते ते कोचना सांगू नका. त्यांना उगीच वाईट वाटेल."

गाडी थांबली. ह्रुस्कांचा गस नावाचा कुत्रा टायरं फाडण्याबद्दल तालुक्यात प्रसिद्ध होता. तो धावत आला आणि टेसच्या बुटांवर पोट वर करून पडला.

"कमाल आहे," डेनी ह्रुस्का म्हणाला. टेस आली तेव्हा दोन्ही वेळा तो कापणीवर होता. "नव्या माणसाशी हा असा कधीच वागत नाही."

त्याच्या बायकोला, जोलीनला, एकाएकी डाव शोधायची घाई झाली.

"कुत्र्यांना माणूस कळतो," लोर्ना म्हणाली.

टेबलावर राजमा-खिम्याची वाफाळती चिली होती आणि तिच्यात बुडवायला दालचिनीचे गोड रोल. लोर्नाने शब्द पाळला. ती जेवली. डेनीने वसतिगृहाचं विचारलं तर म्हणाली, टेसला विचारा. सरावाचं विचारलं तर म्हणाली, टेसला विचारा. "पुढच्या वर्षी तर सगळं टेसच…" एवढं ती म्हणाली आणि जोलीनने ताटात आणखी एक रोल ठेवला. वाक्य साखरेत अडकलं ते अडकलंच.

टेस हो, नाही आणि छान एवढ्यावर भागवत होती. टेबलाखालून, लोर्नाच्या बाजूने, तिच्या नडगीवर दोनदा काहीतरी आदळलं. गस असेल म्हणून तिने पाय मागे घेतले.

मग ताटं उचलली गेली. या भागातल्या रिवाजाप्रमाणे जोलीनने टेबलावर दोन टोप्या मांडल्या, प्रेअरी क्रीकची निळी आणि ब्लेनची तांबडी; मुलगी जी घालेल ते तिचं कॉलेज. डेनीने चित्रीकरणासाठी फोन समोर धरला. मार्ली ह्रुस्का उभी राहिली. ती पूर्ण उभी राहीपर्यंत बराच वेळ गेला, कारण पोरगी दाराच्या चौकटीएवढी होती. तिने एकदा टेसकडे पाहिलं. टेसने मिठाच्या बाटलीकडे पाहिलं.

मार्लीने तांबडी टोपी घातली.

"माफ करा, येन्सनबाई," ती म्हणाली.

लोर्नाने उठून तिला जवळ घेतलं, टोपी शोभते म्हणाली, आणि वाटेत खायला एक रोल बांधून मागितला.

परतीच्या वाटेवर टेसने चेहरा जमेल तितका पाडला. "फार वाईट वाटलं, कोच. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" लोर्ना रोल सोडत म्हणाली. "मी येत्या जूनमध्ये कायमची निघालेय गं. ॲरिझोनाला, बहिणीकडे. रूडीला उन्हाळ्यातच सांगून टाकलंय."

गाडी किंचित कडेला सरकली.

"त्याला म्हटलं, माझ्या जागी टेस. तर म्हणतो, तिला मुली आणता येतात का ते आधी दिसू दे. ह्रुस्कांची पोरगी आली तर ठीक, नाहीतर नवा माणूस शोधायचा."

टेसने गाडी सरळ केली. "मला का नाही सांगितलंत?"

"तुला? शेवटची सर्व्हिस आहे हे कळलं की तू जाळ्यात मारतेस." लोर्नाने आरशावरची शिट्टी काढली आणि पर्समध्ये टाकून चेन ओढली. मग टेसच्या खांद्यावर थोपटत म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस. तू तर बिचारी एक शब्दसुद्धा वावगा बोलली नाहीस."