न बघता दिलेला पास

विल्मार एचेगाराईनं शिट्टी फुंकून पुन्हा एकदा सराव थांबवला. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर घरंगळत कुंपणाला जाऊन टेकला होता.

“तू तिथं का नव्हतास?” त्यानं उजव्या बगलेवर खेळणाऱ्या फाकुंदोला विचारलं.

“चेंडू तिथं येणार हे मला कसं कळणार, मास्तर? तुम्ही तर डावीकडं बघत होतात.”

“कळावं लागतं.”

“पण कशावरून?”

विल्मारनं हातानंच चेंडू परत मागवला. आता तो उरुग्वेच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होता, पण पन्नाशी उलटली तरी स्वतः बूट चढवून सरावात उतरायचा, मधोमध उभा राहायचा आणि मान न वळवता चेंडू सोडायचा. याच पासावर उरुग्वेनं एके काळी खंडाचा चषक उचलला होता. मोंतेविदेओच्या भिंतीभिंतीवर त्याची चित्रं रंगली होती आणि लोक लाडानं त्याला ‘आंधळा’ म्हणू लागले होते. बघावंच लागत नाही, असा आंधळा.

“आमच्या वेळी मैदानात एक शब्द बोलावा लागला नाही,” तो म्हणाला. “मी सोडला की तिथं माणूस असायचाच. ही दृष्टी असते. ती सांगून येत नाही.”

फाकुंदोनं मान खाली घातली. त्या संध्याकाळी विल्मारनं त्याला संघातून वगळलं.

“मास्तर, आपल्याकडं याच्याइतकं वेगवान पोरगं दुसरं नाही,” त्याचा सहायक चाचरत म्हणाला.

“पाय आहेत. डोळे नाहीत.”

पुढचे सामने एकामागून एक गेले. पासाची वाट बघत पोरं जागच्या जागी घुटमळायची आणि चेंडू समोरच्यांच्या पायात जायचा. विल्मार रेषेवर उभा राहून हातवारे करायचा. विश्वचषकाचं दार बंद करणारा सामना घरच्याच मैदानावर झाला. शेवटच्या मिनिटांत प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “अरे आंधळ्या, आता तरी बघ!” आणि सगळं मैदान हसलं. शिव्या त्याला सोसल्या असत्या.

फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षानं त्याला कचेरीत बोलावलं आणि उभ्याउभ्याच हात मिळवला. खुर्ची पुढं केली नाही, त्यावरून काय ते कळलं.

त्यानंतर दिवस रिकामे झाले. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी स्पेनला गेली होती, ती तिकडचीच झाली होती. तो सकाळी काखेत गरम पाण्याची बाटली घेऊन नदीकाठच्या रस्त्यानं चालायचा. एरवी दहा ठिकाणी थांबवणारे लोक तो जवळ आला की पाण्याकडं बघू लागायचे. बाकावर बसून तो एकट्यानंच माते प्यायचा, वाळल्या भोपळ्याच्या एकाच भांड्यातून सगळ्यांनी आळीपाळीनं प्यायचा तो कडू काढा. भोपळा पुढच्याच्या हाती द्यायची सवय असलेला हात मध्येच उगाच बाजूला जायचा आणि परत यायचा.

अशातच परदेशातून बोलावणं आलं. तिथल्या राष्ट्रीय संघाला प्रशिक्षक हवा होता, आणि तिथं त्याचं जुनं नाव अजून चालत होतं. ही बातमी कुणाला तरी सांगावी असं त्याला वाटलं. सांगायला कुणी आठवेना. शेवटी तो बसमध्ये बसला आणि मीनास गावी ग्वाल्बेर्तो पिंतोसच्या दारात जाऊन उभा राहिला. चषकाच्या संघात ग्वाल्बेर्तो उजव्या बगलेवर खेळायचा. गेल्या कित्येक वर्षांत विल्मारनं त्याला साधा फोन केला नव्हता.

“ये,” ग्वाल्बेर्तो एवढंच म्हणाला. तो अंगणात मांस भाजत होता. त्याच्या बायकोनं, नील्दानं, काही न विचारता तिसरी खुर्ची मांडली. ग्वाल्बेर्तोनं माते भरून पुढं केलं. दुसऱ्याच्या हातचं माते विल्मारनं एका दमात संपवलं. मग तो भराभर बोलू लागला.

“तिथं गेल्यावर हेच करणार. ज्याला दिसत नाही त्याला पहिल्या दिवशी घरी. इथं मी उशीर केला. त्या फाकुंदोसारखे चार जण आधीच काढायला हवे होते.”

“पोरगं रडलं म्हणे,” ग्वाल्बेर्तो म्हणाला.

“रडेल. त्याला काय समजतं? तुला कधी सांगावं लागलं का, इथं पळ, तिथं पळ?”

ग्वाल्बेर्तोनं मांस उलटलं.

“तिकडची पोरं किती वर्षांची आहेत?”

“विशीतली. का?”

“तुम्ही काही बोलू नका हं,” नील्दा नवऱ्याला म्हणाली. “अनीबाल मास्तरांना शब्द दिलाय तुम्ही सगळ्यांनी.”

अनीबाल हे चषकाच्या संघाचे प्रशिक्षक. ते मागच्या हिवाळ्यात गेले. विल्मार अंत्ययात्रेला आला नव्हता, संघ दौऱ्यावर होता.

“मास्तर गेले, नील्दा. आणि ह्याच्यापायी अजून किती पोरं रडवायची?” ग्वाल्बेर्तोनं चिमटा खाली ठेवला. “विल्मार, गुरुवारी तुला सुट्टी असायची. आठवतं?”

“गुडघ्यासाठी. मास्तर फार जपायचे मला.”

“तुझ्या गुडघ्याला काही झालं नव्हतं.”

नील्दा उठून आत गेली.

“मग?”

“आम्ही दहाजण मैदानावर असायचो. मास्तर मधोमध तुझ्या जागी उभे राहायचे आणि डोळे मिटून चेंडू मारायचे. कुठंही.”

विल्मार हसायला गेला, पण हसू आलं नाही.

“आणि तुम्ही काय करायचात?”

“तुझे चुकलेले पास गाठायला शिकायचो.”