बुधवारचा मुक्काम

"बुधवार सोडून बोल," जनरल कोंगबो म्हणाले. "बुधवारी आम्हाला बांगानात काम आहे."

नकाशावर सरकत चाललेलं बार्नाबेचं बोट बांगाना गावाच्या अलीकडेच थांबलं. राजधानी बांगीतल्या एका सहल कंपनीचा तो माणूस. बेल्जियमहून येणाऱ्या पाहुण्यांना अभयारण्यातले हत्ती दाखवायचे, आणि त्याआधी जनरलांकडे येऊन कुठल्या दिवशी कुठून जायचं ते ठरवायचं, हे त्याचं काम. अभयारण्य सरकारचं होतं. तिथे जाणारा रस्ता जनरलांचा होता. पाहुण्यामागे त्यांचा वाटा बांधलेला असे आणि तो हातात पडला की पाहुण्याच्या केसालाही धक्का लागत नसे. या बाबतीत त्यांचा शब्द सरकारपेक्षा पक्का होता.

पलीकडे आंब्याखाली एका ड्रायव्हरला टायरच्या पट्ट्याने फोडून काढणं चाललं होतं. त्याने परस्पर पेट्रोल विकलं होतं. त्याचं ओरडणं चढलं की जनरल बोलायचे थांबत, उतरलं की पुढे बोलत. दुसऱ्याचं बोलणं तोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"कसलं काम, जनरलसाहेब?"

"त्या बांगानावाल्यांनी पलीकडच्या टोळीला कसाव्याचा कंद दिला. पोत्यांनी. आम्ही मागितला तर म्हणतात, यंदा काही आलंच नाही." जनरलांनी भुईमुगाचा दाणा तोंडात टाकला. "कोणाला ठेवायचं नाही असं ठरलंय. बायकांनाही नाही. रांधून त्यांनीच घातलं ना."

बांगानात बार्नाबेची धाकटी बहीण दिली होती, सिदोनी. हे जनरलांना ठाऊक नव्हतं आणि कळू न देण्यातच शहाणपण होतं. मागे एकाने असाच सासऱ्यासाठी शब्द टाकला, तर जनरलांनी त्याला सासऱ्याशेजारी जागा दिली होती.

"पण पाहुण्यांचा बुधवारचा मुक्काम बांगानातच आहे," बार्नाबे म्हणाला. तसं काहीच नव्हतं. पाहुणे जंगलात तंबूत राहणार होते.

"गावात? हत्ती सोडून?"

"त्यांना गावही बघायचंय. बायका कसावा कांडतात, नाचतात, ते सगळं. पैसे भरून झालेत, कार्यक्रम छापून झालाय. आता बदलता येत नाही."

"मुक्काम किती?"

"रविवारपर्यंत." मग त्याला लोभ सुटला. "आवडलं तर पुढेही राहतील."

जनरल विचारात पडले. आंब्याखालचं ओरडणं थांबलं होतं. सार्जंट हात पुसत आला आणि ड्रायव्हर शुद्धीवर नाही म्हणाला. पाणी मारा आणि राहिलेले फटके पुरे करा, असं जनरलांनी सांगितलं. मग नकाशाकडे बघून ते म्हणाले, "पाहुण्यांची गैरसोय नको. ते इतक्या लांबून येणार."

बार्नाबेने समोरचे दोन दाणे उचलून तोंडात टाकले.

"सार्जंट," जनरल म्हणाले, "बुधवारचं काम आजच उरकून घ्या. आत्ता निघालात तर उजेड आहे तोवर आटपेल. घरं जाळू नका, पाहुणे उतरायचेत. मढी लांब नेऊन पुरा. बुधवारपर्यंत वास जायला हवा."

"आणि कसावा कोण कांडणार?" सार्जंटने विचारलं. तो व्यवहारी माणूस होता.

"आपल्या बायका जातील की. नाचतीलही. बेल्जियमच्या माणसाला काय कळतंय?"

मोटारसायकली सुरू झाल्या. पोरं बंदुका पाठीला अडकवून दोघं दोघं बसू लागली.

"मी बदलतो कार्यक्रम, जनरलसाहेब. आत्ता फोन करतो."

"बदलता येत नाही म्हणालास ना?"

"खोटं बोललो. माझी बहीण आहे तिथे." बार्नाबेने त्यांचे बूट धरले. मागे उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणला, आणि एक दात रक्तासकट नकाशावर पडला.

"तोंडावर नको रे," जनरल पहारेकऱ्यावर रागावले. "त्याला पाहुण्यांशी बोलायचंय."

त्यांनी स्वतः वाकून बार्नाबेला उठवून बसवलं. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"आधी बोलायचंस ना, वेड्या. बुधवारपर्यंत वेळ होता. गुपचूप काढून आणली असतीस. आता तिथे मुक्काम टाकून बसलायस, आणि तो मोडून मी माझ्या वाट्यावर पाणी सोडू म्हणतोस?"

"सिदोनी," बार्नाबे म्हणाला. "सिदोनी नाव तिचं."

"नावाचा काही उपयोग नाही. पोरांनी एकदा हाक मारली की सगळ्याच सिदोनी होतात. एखादी खूण सांग."

बार्नाबे आठवू लागला. रंग, उंची, डोक्याचं फडकं, कडेवरचं मूल, सगळं गावातल्या इतर बायकांसारखंच होतं. व्रण नाही, गोंदण नाही. जनरल घड्याळ न बघता थांबले होते, पोरं मात्र गाड्यांच्या मुठी पिळत होती. बहिणीची त्याला एकच गोष्ट आठवत होती.

"हसताना तोंडावर हात धरते," तो रक्त गिळत म्हणाला.

जनरलांनी हात वर केला. एकेक करून गाड्या बंद झाल्या.

"नीट ऐका रे सगळे," ते म्हणाले. "याची बहीण आहे तिथे. तोंडावर हात धरून जी हसत असेल, तिला सोडा."