करण्यात आले

सरांनी लाल पेनाने अकरावा 'मी' खोडला आणि अहवाल टेबलावरून तिच्याकडे ढकलला.

"कंडक्टरबाई, मानसशास्त्राच्या अहवालात 'मी' नसतो. किती वेळा सांगायचं? 'मी सूचना दिल्या' नाही, 'सूचना देण्यात आल्या'. 'मी वेळ मोजली' नाही, 'वेळ मोजण्यात आली'."

बसमध्ये चौदा वर्षं तिकिटं फाडून ती शिकायला आली होती. विभागात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. तिचंही त्यावाचून काही अडत नव्हतं.

"आमच्या डेपोत असलं चालत नाही, सर. 'ब्रेक दाबण्यात आला' असं लिहिलं तर साहेब विचारतात, कुणी दाबला? का ब्रेकलाच उबळ आली?"

फाइल न्यायला दारात उभा असलेला लिपिक फिस्सकन हसला. सरांनी मान वर केली तसा तो घड्याळ बघू लागला. सव्वाचार. पाचला अहवाल घेणं बंद. सरांची सही नसली तर वर्ष गेल्यातच जमा होतं, आणि डेपो पुन्हा रजा देणार नव्हता.

"बाकीचे सगळे 'मी' काढते," ती म्हणाली. "नवव्या पानावरचा तेवढा राहू द्या."

नवव्या पानावर सतरा नंबर होता.

प्रयोग साधा होता. तीस माणसं. कानात यंत्राची घरघर, समोर अक्षरांनी भरलेले कागद, त्यातला प्रत्येक 'र' खोडायचा. नकोसं झालं की उठायचं. पंधरा मिनिटांच्या वर कुणालाच बसवायचं नाही. निम्म्यांना मधूनमधून 'छान चाललंय' म्हणायचं, निम्म्यांना काहीच नाही. चार गोड शब्दांनी माणूस जास्त टिकतो का, एवढंच बघायचं.

सतरा नंबर म्हणजे इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुणाऱ्या मावशी, 'छान चाललंय' ऐकणाऱ्या गटातल्या. अकराव्या मिनिटाला त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "डोकं फुटायला आलं गं. चालले मी." केव्हाही उठून जाता येईल, असं संमतिपत्रावर हिनेच लिहिलेलं होतं. आणि हीच दार अडवून उभी राहिली, चौकटीला हात लावून, गच्च भरलेल्या बसमध्ये राहते तशी. "चारच मिनिटं, मावशी. बसा." मावशींनी त्या हाताकडे पाहिलं आणि मुकाट्याने बसल्या. पंधरा मिनिटं पुरी झाली.

नवव्या पानावर तिने लिहिलं होतं, 'मी दार अडवलं, म्हणून सतरा नंबरचे आकडे धरलेले नाहीत.' सरांनी ते खोडून वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सतराव्या व्यक्तीस प्रोत्साहन देण्यात आले.'

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"खोटं कसं? तुम्ही काहीतरी बोललात, त्या थांबल्या. प्रोत्साहन म्हणजे आणखी काय असतं?"

"दार अडवणं नसतं."

"अहो, सतरा नंबर काढला तर दोन गटांत फरक उरतो का? मोजून बघितलंय मी."

"मीपण बघितलंय. नाही उरत."

"मग निष्कर्षात काय लिहिणार? काही सापडलं नाही?"

"तेच लिहिलंय. शेवटच्या पानावर आहे."

सर खुर्चीत मागे रेलले. पुढच्या महिन्यात एका परिषदेत ते हाच अभ्यास मांडणार होते. 'शब्दांचं बळ' असं नाव देऊन पत्रिकाही छापून झाली होती. ती टेबलावरच पडली होती आणि तिच्यावर सरांचा चहाचा कप होता.

"बाई, तुमच्या भल्याचं सांगतोय. अहवाल म्हणजे पोलीस चौकीतला जबाब नव्हे. स्वतःच्याच पायावर कशाला धोंडा पाडून घेताय? दार कुणी अडवलं, हात कुणाचा होता, कोण विचारणार आहे?"

"मावशी."

"त्या अहवाल वाचणार आहेत?"

"काल धुलाईघरात गेले होते," ती म्हणाली. "त्यांना म्हटलं, चुकलं माझं, तुमचे आकडे वापरू का? हातातली चादर पिळत होत्या. पुरती पिळून बादलीत टाकली. मग म्हणाल्या, तेव्हा जाऊ दिलं नाहीस, आता कागदावर तरी जाऊ दे."

सरांनी कप उचलला. रिकामा होता. परत ठेवला.

"भावनेच्या भरात शास्त्र होत नसतं."

"भावना कुठली, सर? दार मी अडवलं. हे घडलंय. तुम्ही लिहिलंय ते घडलेलं नाही. आता यातलं शास्त्र कुठलं ते तुम्हीच सांगा. मी आपली तिकिटं फाडणारी."

लिपिकाने घसा खाकरला. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

सरांनी लाल पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. असल्या अहवालावर सही केली जाणार नाही."

ती लिपिकाकडे वळली. "सहीविना घेता का हो?"

"घेतो की," लिपिक म्हणाला. "पण मग सहीच्या जागी कारण लिहावं लागतं. पुढे समिती ठरवते. पास करतील, नाहीतर घरी पाठवतील. आजवर कुणी तसा दिलेला नाही."

तिने खुर्ची पुढे ओढली, पहिलं पान काढलं आणि सहीच्या मोकळ्या जागेवर पेन टेकवलं.

"कोण करणार नाही, सर?"