एक ठिपक्या शिल्लक

(ठिपक्या किती) → १

संगणकाच्या पडद्यावरचा हा आकडा गेले तीन महिने हलला नव्हता. भाची रोज सकाळी गमबूट चढवून प्राणी संवर्धन केंद्रामागच्या तळ्यात उतरायची, दगड उलटायची, शेवाळ चाळायची आणि चिखल अंगावर घेऊन परत यायची. आणलेल्या त्रेसष्ट ठिपक्या बेडकांतले मेलेले नोंदीतून वजा होत गेले, तरी तो शेवटचा एक कुठंतरी होता. त्याच्यासाठीच तळ्याचा पंप चालू होता. शून्य झालं की तळं बंद, असं केंद्राच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं.

नोंदींचा प्रोग्राम मामाचा. अख्खा कंसांत लिहिलेला, म्हणून केंद्रात सगळे त्याला कंसमामा म्हणत. नवा प्राणी यादीत कसा घालायचा ते तो आज भाचीला शिकवत होता. उदाहरणाला त्यानं गेंडा घेतला.

"हा झाला गेंड्याचा साचा. आता यातून हवे तेवढे गेंडे काढ."

"एक काढला तरी ठेवू कुठं?"

त्यानं गंमत म्हणून विचारून पाहिलं.

(गेंडा किती) → १

"मामा, आला की रे!" भाची खो खो हसली. "कुठं दडवलायस? डिकीत?"

मामाही हसला. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली. अजून एकही गेंडा काढला नव्हता. त्यानं उंटाचा साचा केला. १. जिराफाचा. १. कोडं पडलं की त्याला तहानभूक आठवत नसे.

"पण हे सांगतंय कोण?" भाचीनं विचारलं.

"गेंडा. माझ्या पद्धतीत प्रश्न प्राण्यालाच विचारता येतो. तुम्ही किती, हे त्यांच्यातल्याच एकाला विचारायचं."

"आणि एकही नसला तर?"

"म्हणून दर वेळी एक नावापुरता काढायचा, त्याला विचारायचं, आणि..."

तो थांबला.

"आणि काय?"

"सोडून द्यायचा."

"मामा, तो मोजताना स्वतःलाही मोजतो?"

मामा चष्मा पुसू लागला. चाळीस कासवांची एक्केचाळीस झाली, तर कोण बघायला जातंय?

भाचीचं हसू कधीच विरलं होतं. "नीट कर," ती म्हणाली.

साचा हीसुद्धा एक वस्तूच. मग प्रश्न थेट त्यालाच का विचारू नये? फक्त उत्तर द्यायला त्याला कुणीतरी शिकवायला हवं. मामानं साच्यांचाही एक साचा केला आणि 'किती' त्यात नेऊन ठेवलं. बारा ओळी. शेवटचे पाच कंस त्यानं बोट लावून मिटवले.

"आधी गेंडा," ती म्हणाली.

(गेंडा किती) → ०

पुढची ओळ तिनं स्वतः टाइप केली.

(ठिपक्या किती) → ०

"शेवटी तू कंस तो कंसच," ती हळूच म्हणाली.

मामाला काहीतरी करून द्यायचं होतं. "दारात ते बटण आहे ना, पाहुण्यांना बेडकाचा आवाज ऐकवायचं? तेही नावापुरता बेडूक काढूनच ओरडतं. 'डराव'पण साच्यात टाकतो. मग साचाच ओरडेल. बेडूक लागणारच नाही, कधीच."

"नको."

"अगं, तीन मिनिटांचं काम."

"डराव बेडकाकडेच राहू दे. आणि आता खोटा काढायचा नाही."

त्यानं तसं केलं. ती दारापाशी गेली आणि तिनं बटण दाबलं.

(ठिपक्या डराव) → ओरडायला कोणी नाही

"साहेबांना मी सांगते," ती म्हणाली. "आल्यावर."

आणि गमबूट चढवू लागली.

मामा खिडकीशी गेला नाही. पण खुर्चीतूनच त्याला दिसलं, ती आज पाण्यात उतरली नाही. तिनं काठावरचा पंप बंद केला. तीन महिन्यांची घरघर एकदम थांबली. तळ्याकडे कान करून ती वाकून उभी राहिली.

मामानं कीबोर्डवरचा हात अलगद उचलला. एकही बटण वाजू न देता.