म्हशीच्या आवडीचं

"आज बी पान्हा चोरला मेलीनं!" मंजुळाबाई म्हशीच्या कासेला हात लावून कुरकुरल्या. सून रागानं पुसेगावला माहेरी निघून गेल्यापासून हट्टा गावातल्या त्या घरात जो तो फक्त म्हशीबद्दलच बोलत होता. सुनेला, निताला, व्हायोलिनच्या कन्सर्टोचं, म्हणजे व्हायोलिन आणि मोठ्या वाद्यवृंदाच्या विलायती संगीताचं, भारी वेड. धार काढताना ती मोबाईलवर तेच लावायची. "हे रडगानं बंद कर, न्हाईतर जा तुझ्या बापाच्या घरी," असं मंजुळाबाईच बोलून बसल्या होत्या.

शेवटी लेकानं, सोमेश्वरनं, तसलंच एक व्हायोलिन शोधून गोठ्यात लावलं. म्हशीनं लाथ झाडली.

"हे न्हाई रे," मंजुळाबाई ठामपणे म्हणाल्या. "तिच्या आवडीचं येगळं हाय. त्यात आधी हळूच नगारा वाजतो. मंग बाकीचे समदे वाजवीत बसतात. व्हायोलिन लई उशिरा येतं, नव्या नवरीवानी एकेक पायरी चढत."

सोमेश्वर आईकडे बघतच राहिला. मग त्यानं बरोबर तेच शोधून काढलं. नगारा वाजला, बाकीचे मन भरेपर्यंत वाजवून झाले, व्हायोलिन पायऱ्या चढून आलं आणि चरवीत दुधाची धार वाजायला लागली.

"भागलं बघ आई!" तो खुशीत म्हणाला. "आता मोबाईलवरच काम होऊन राहिलं."

"म्हशीचं भागलं," धार न थांबवता मंजुळाबाई म्हणाल्या. "माझं न्हाई भागत. जा, निताला घेऊन ये."