बुटकं स्टूल

१९७८ सालच्या मार्चमधला मंगळवार होता. “खुर्च्या बनवणाऱ्यांकडेच बसायला खुर्ची नाही?” कंपनीचे साहेब कारखान्याच्या दारात थांबून म्हणाले.

“आहेत की, ह्या काय अकरा!” आक्काचा धाकटा भाऊ भिंतीकडे हात करून म्हणाला. तो कारखान्याचा सुतार. “पण पॉलिश ओलं आहे, साहेब. पँटला लागलं तर वहिनी आमच्या नावाने बोटं मोडतील.”

साहेब हसले. भिंतीजवळून जाताना त्यांनी एका खुर्चीच्या पाठीला ओझरता हात लावला, रुमालाला बोटं पुसली आणि खोलीभर नजर फिरवली. बाकावर आदिवासी संस्थेचे पाच पंच दाटीवाटीने बसले होते. संस्थेची अध्यक्ष आक्का उभी होती. तेव्हा करार करायचा म्हणजे टाइपरायटर सोबत न्यावा लागे. कोरडी होती ती एकच खुर्ची टायपिस्टबाईंना दिली होती आणि त्यांच्यापुढे खोक्यावर टाइपरायटर. उरलं होतं ते मधोमध ठेवलेलं एक बुटकं स्टूल. साहेब त्यावर टेकले. गुडघे कानाशी आले.

बाकावरच्या पाचांनी एकमेकांकडे पाहिलं.

ते स्टूल नेहमी रिकामं असायचं. टेकडीवरच्या या लोकांची ती जुनी रीत. सभा कसलीही असो, जे अजून जन्मले नाहीत त्यांच्यासाठी एक जागा ठेवायची, त्यांच्या उंचीची. शेवटी त्या स्टुलाला विचारायचं, “तुझं काय?” स्टूल गप्प राहिलं की होकार धरायचा; त्याच्या होकाराशिवाय ठराव होत नसे. संस्थेच्या माणसाने त्यावर बसायचं नाही, कारण त्याला आजचं पोट असतं. साहेबांनी पहिल्याच सभेत ही सगळी माहिती विचारून वहीत टिपून घेतली होती. चार महिन्यांत विसरले असावेत.

करार तसा चांगला होता. कंपनी यंत्रं देणार होती, होतील तेवढ्या खुर्च्या घेणार होती. तेवीस पोरापोरींना घरच्या घरी काम मिळणार होतं. त्यांत आक्काची मुलगीही होती. करार फिसकटला तर ती शुक्रवारच्या बसने शहरात जाणार होती. ट्रंक भरून दारामागे तयार होती. अडत होतं ते बाराव्या कलमापाशी. तीस वर्षं कोणतं झाड तोडायचं ते कंपनी ठरवणार. हे कलम तेवढं बदला, म्हणून आक्काने तीन पत्रं लिहिली. मुख्य कचेरीने तिन्ही वेळा नकार कळवला. आज सही झाली नाही तर कंपनी पलीकडच्या टेकडीवर जाणार होती.

आक्काने मतं घेतली. पाचही हात वर गेले. पोरं डोळ्यांसमोर राहावीत असं कुणाला वाटत नाही? मग तिने रीतीप्रमाणे स्टुलाकडे तोंड केलं.

“तुझं काय?”

“मी?” साहेब दचकले. “अहो आक्का, मी कंपनीचा माणूस!”

“तिथे बसलात ना? मग आता कंपनीचे नाही. तुमचा जन्म व्हायचाय अजून. बोला.”

सगळ्यात म्हातारे पंच साहेबांकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, “बाळ अंगाने बरंच भरलंय.”

बाक हसून हलला. साहेबही हसले. मग करार हातात घेऊन त्यांनी बारावं कलम मोठ्याने वाचायला घेतलं आणि अर्ध्यावरच थांबले.

“मी इथे जन्मलो,” ते सावकाश म्हणाले. “वडिलांनी माझ्या हातात रंधा दिला. आणि म्हणाले, लाकूड नाही.” त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला. “आमच्या गावात लाकूड कापायची गिरणी होती. मी सहावीत असताना झाडं संपली. गिरणीला कुलूप लागलं. वडील त्यानंतरही वर्षभर रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे.”



“मग तुझं मत?” आक्काने विचारलं. साहेबांना ती अहोजाहो करायची, स्टुलाला नाही.

“नाही,” साहेब म्हणाले. “झाड कोणतं तोडायचं ते इथल्यांनी ठरवायचं. एक तोडलं तर तीन लावायची. मग हो.”

टायपिस्टबाईंची बोटं हवेतच राहिली. “साहेब, हे असंच टाइप करू?”

“असंच करा. आणि खाली लिहा, सभेच्या नियमाप्रमाणे स्टुलाचं मत बंधनकारक होतं. मुख्य कचेरीला नियम फार आवडतात.”

मुख्य कचेरी आठवडाभर कुरकुरली आणि सही करून मोकळी झाली.

आक्काच्या मुलीने ट्रंकेतले कपडे पुन्हा फळीवर लावले आणि ट्रंक हत्यारं ठेवायला कारखान्यात नेली. पुढे तीच संस्थेची अध्यक्ष झाली. म्हातारे पंच, लावलेली रोपं त्यांच्या डोक्याच्या वर गेली तेव्हाच निश्चिंत मनाने गेले. टायपिस्टबाईंनी दोन वर्षांनी कंपनी सोडली आणि सुताराशी लग्न केलं. त्याला टायपिंग शेवटपर्यंत जमलं नाही. बाई मात्र रंधा झकास चालवू लागल्या.

साहेब निवृत्त झाले त्या वर्षी टेकडीवर मुद्दाम भेटायला आले. आक्का थकली होती, पण डोळे तसेच मिश्कील. तिने त्यांचा हात धरून जवळ बसवून घेतलं.

“एक सांगायचं राहून गेलंय. त्या दिवशी खुर्च्यांचं पॉलिश ओलं नव्हतं हो. मीच भावाला तसं बोलायला लावलं होतं.”

“ठाऊक आहे, आक्का,” साहेब म्हणाले. “मी हात लावून पाहिला होता. पुसली ती बोटं कोरडीच होती.”