टोपलीतले तुकडे

“ही फळी कालपर्यंत बुटांच्या कपाटात होती, हे विहीणबाईंना कळता कामा नये,” असं लेकीला बजावून बाबांनी घासून घासून पांढरी केलेली फळी टेबलावर ठेवली.

“त्या खायला येतायत बाबा, फळी हुंगायला नाही.”

“त्यांचं काय सांगावं.”

लेकीचं लग्न जमल्यात जमा होतं, फक्त मुलाची आई आज पहिल्यांदा घरी येणार होती. एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांचं खाणंपिणं त्यांच्या नजरेखालून जायचं. आई नुसत्या वासावरून चीज किती जुनं ते सांगते, असं मुलानेच एकदा कौतुकाने सांगितलं, आणि तेव्हापासून बाबांची झोप उडाली. आपण साधे बसड्रायव्हर. आपल्या घरातलं काही बघून त्या बाईने नाक मुरडलं आणि पोरीचं मोडलं तर? तिला आई नाही. जे काही करायचं ते आपणच.

शार्कुटरी बोर्डची कल्पना लेकीची. फळीवर चीज, मांसाचे थंड काप, फळं, बिस्किटं मांडायची की झालं. थाट मोठा, खर्च बेताचा. त्यातही कोपऱ्यावरच्या दुकानात दाराशी एक टोपली असते. कापायच्या यंत्रात न बसणारी सलामीची, म्हणजे मसालेदार मांसाच्या वळकटीची, टोकं आणि चीजचे वेडेवाकडे कोपरे तिच्यात अर्ध्या किमतीला मिळतात. माल तोच, फक्त रूपाने मार खाल्लेला. बाबा सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात जाऊन उभे राहिले होते.

“सगळं मिळालं गं, पण तो हॅमचा तुकडा गेला.” बाबा अजून हळहळत होते. “चांगला मुठीएवढा, धुरी दिलेला, लाल दोऱ्याने बांधलेला. मी हात घातला तर पलीकडून एका बाईने तोच तुकडा धरला. मफलरमध्ये नाकापर्यंत गुंडाळलेली. सोडेचना.”

“मग?”

“मग म्हटलं, बाई, माझी विहीण यायचीय. नाकावर माशी बसू देत नाही, चीजला त्याचं वय विचारते. माझ्या पोरीसाठी तरी सोडा. तर हसली. ‘मग तर मलाच हवा’ म्हणाली आणि चालती झाली. काय एकेक माणसं असतात.”

“जाऊ दे ना.”

“जाऊ दे कसं? बसच्या आरशात एकदा दिसलेला प्रवासी मी विसरत नाही. पुन्हा भेटू दे, बघतो तिला.”

लेकीचे हात झपाझप चालत होते. सलामीच्या टोकांचे पातळ काप करून, ते पेल्याच्या काठावर एकावर एक घालून तिने पेला उलटा केला, तर फूल झालं. बाबा बघतच राहिले. चीजचे कोपरे तिने असे चिरले की वाकडेपणा मुद्दाम केल्यासारखा वाटावा. उरलेल्या जागेत द्राक्षं, सफरचंदाच्या फोडी, मध्ये मोहरीच्या चटणीची वाटी. बाबांकडे काम एकच, अर्ध्या किमतीच्या पिवळ्या चिठ्ठ्या खरवडून काढायच्या.

संध्याकाळी विहीणबाई मुलाला घेऊन आल्या. रेशमी स्कार्फ, ताठ मान, बोलणं मोजकं. फळीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग चीजचा एक तुकडा उचलला, उलटा केला आणि त्याच्या पाठीला चिकटलेली पिवळी चिठ्ठी नखाने अलगद काढली.

बाबांचे कान तापले. मुलगा छताकडे बघायला लागला.

“कुठून आणता हे?” विहीणबाईंनी विचारलं.

मित्र पाठवतो, असं सांगायचं बाबांनी ठरवून ठेवलं होतं. पण समोर लेक बसली होती, आणि लहानपणापासून खोटं बोललं की तिला ओरडायचे ते हेच बाबा.

“कोपऱ्यावरच्या दुकानातून,” ते म्हणाले. “दाराशी टोपली असते, तिच्यातून. मांडलंय मात्र पोरीने.”

विहीणबाईंनी चीज तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि सावकाश चावलं. बाबांना बस उतारावर ब्रेकशिवाय सुटल्यासारखं वाटत होतं.

“उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “आणि खरं सांगितलंत ते त्याहून उत्तम. तारीख आपण दोघं बसून ठरवू. मुलांवर सोडलं तर घोळ घालतील.”

मग काय, गप्पांना ऊत आला. फळी बघता बघता रिकामी झाली आणि बाबांनी, कुणी विचारलेलं नसताना, ती बुटांच्या कपाटातली असल्याचंही सांगून टाकलं. सगळ्यात जास्त हसल्या त्या विहीणबाईच.

निघताना त्यांनी चकचकीत कागदात बांधलेली पुडी बाबांच्या हातात दिली. “रिकाम्या हाताने कसं यायचं? मी गेल्यावर उघडा.” दारात त्या थांबल्या. “एकदा बघितलेला माणूस तुम्ही विसरत नाही म्हणे. सूनबाई सांगत होती.”

“छे, सवालच नाही,” बाबा ऐटीत म्हणाले. “आरशात एकदा दिसला की बास.”

“वा,” विहीणबाई म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

दार लागलं तशी लेक बाबांच्या गळ्यात पडली. बाबांनी एका हाताने डोळे पुसले आणि दुसऱ्या हाताने पुडी उलगडली.

आत मुठीएवढा हॅमचा तुकडा होता, लाल दोऱ्यासकट.